पोस्टमनचा आवाज

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक वयस्क गृहस्थ आणि त्यांची मुलगी बसली होती. गृहस्थांचा आवाज मी लगेच ओळखला. तीस वर्षांपूर्वी टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये एक पोस्टमन अडखळत बोलायचा आणि माझी मुलं हसून लोळायची. तोच आवाज.

"एवढी काय घाबरतेस गं! आवाजाची चाचणी तर आहे नुसती."

"ब-बाबा, परत फिरू या."

"अगं, मालिका नव्याने करतायत. खरोखर अडखळणारंच माणूस हवंय त्यांना. या वेळी पोस्टमन बाई आहे, आणि लोकांची टर तीच उडवते."

"म-मला शाळेत पोस्टमन म्हणायचे."

"माहीत आहे. तू चार वर्षांची होतीस. तुझं बोलणं गोड वाटलं, म्हणून पोस्टमनसाठी उचललं मी. चुकलंच माझं."

"आता क-काय त्याचं!"

"म्हणून तर तुझं नाव सुचवलं. तू फक्त नेहमीसारखं बोल."

"त्याचीच भीती वाटतेय. काल आरशासमोर संवाद व-वाचून बघितले."

"मग?"

"माझं अडखळणं येईचना, बाबा. तुमचंच येत होतं."