एकोणचाळीस कुलपं आणि एक कारभारी

मंडळी, मला सांगा — राज्य कशावर टिकतं? फौजेवर? कायद्यावर? आमचे तबलजी म्हणतात, जेवणावर! त्यांना प्रसादापर्यंत दम नाही. आपण गोष्टीकडे वळू.

निसवाडी नावाचं गाव. घरं एकोणचाळीस, संशय एकोणऐंशी! घरटी एक मत टाकून कारभारी निवडायचा होता. एका बाजूला जुने कारभारी हणमंतअण्णा ढवळे, दुसऱ्या बाजूला सगुणाबाई. सगुणाबाईची सून गरोदर, दिवस भरणार श्रावणात. सुईण ओढ्यापलीकडे, अन् ओढ्याला पूल नाही! बाई म्हणाली, "मला निवडा, पावसाआधी पूल बांधते."

चिठ्ठ्यांसाठी पेटी आणली. एकानं आपलं कुलूप लावलं. दुसरा म्हणाला, "तू कोण मोठा हरिश्चंद्र?" — त्यानंही लावलं! करता करता एकोणचाळीस कुलपं! फटीतून कुणी हात घालील म्हणून फटही लाखेनं बुजवली! मग गाव दिवसभर राखणीला बसलं. पेटीवर नव्हे हो — एकमेकांवर नजर!

संध्याकाळी सगुणाबाई म्हणाली, "राखण झाली. पण मत टाकायचं कुठून?"

अण्णा खूश. "निवडणूक झाली नाही, म्हणजे मीच!"

किल्ली आधी कोण काढणार? कुणी हलेना. बाईंनी आपली किल्ली सोडली अन् ठेवली — कुणाच्या हातात? अण्णांच्या! "घ्या. उद्या मतंही तुम्हीच मोजा. चौकात, सगळ्यांदेखत."

मग काय! बाकीच्यांना आपापल्या कनवटीची किल्ली टोचायला लागली. एकेक करत सगळ्या निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मतं पडली. अण्णांनी चिठ्ठ्या मोजल्या, घाम पुसला, पुन्हा मोजल्या. "ढवळे एकोणीस. सगुणाबाई... वीस."

अण्णांचा जावई कानाशी लागला, "अहो मामा, एक चिठ्ठी बाहीत सारायची होती!"

"सारणारच होतो रे! पण जन्मात पहिल्यांदा कुणी माझ्यावर विश्वास टाकला. लबाडी करायची चोरी झाली!"

श्रावणात ओढा दुथडी भरला. सुईण पुलावरून आली. कोरडी ठणठणीत! मुलगी झाली.

तर मंडळी, नजर ठेवा, हिशोब मागा, जरूर मागा! पण शेजाऱ्याला चोर ठरवून राज्य चालत नाही. तुम्ही माना डोलावताय, छान. पण मी मघापासून बघतोय — निम्मी सभा चपला मांडीखाली घेऊन बसलीय! देवळात!

उठा. बाहेर ठेवून या.

थांबा, मीही येतो. माझ्या या झोळीत आहेत.