गाडी तिसऱ्यातच ठेवा, असं सांगितलं होतं

मी, वय बहात्तर, शिक्षण दुसरी पास, धंदा शिवणकाम, राहणार नातीच्या गॅरेजच्या वरच्या खोलीत. सगळा रस्ता मला शिवणवाल्या आजी म्हणतो. समक्ष विचारल्यावरून सांगते की,

काल मंगळवारी सकाळी सव्वादहाला गॅरेजवर आधी आल्या त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांच्या बाई, मागून मास्तर. मास्तरांनी पस्तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली, माझ्या नातीलाही. आपल्या जुन्या गाडीला विजेची मोटर बसवून घ्यावी का, ते बघायला आले होते.

नातीने आमच्या पेट्रोलच्या गाडीचं इंजिन काढून मोटर आणि बॅटरी बसवली आहे. सीटची कव्हरं मी शिवली. गिअरबॉक्स तिने जुनाच ठेवला.

मास्तरांनी विचारलं, "हॉर्सपॉवर किती?" नात म्हणाली, "जुन्या इंजिनाइतकीच." "मग वेगळं काय?" ती म्हणाली, "बरणीचं घट्ट झाकण फिरवायला लागतो तो जोर, त्याला टॉर्क म्हणतात. अशी शंभर झाकणं किती भराभर उघडता, ती हॉर्सपॉवर. इंजिन जोरात फिरायला लागल्याशिवाय त्याला पुरता जोर येत नाही, म्हणून पहिला गिअर लागतो. तो वेग कमी करतो आणि जोर तिपटी-चौपटीने वाढवतो. मोटरला जागेवरूनच सगळा जोर असतो. म्हणून गाडी तिसऱ्यात ठेवली आहे, तिसऱ्यातच राहू द्या. मोकळ्या रस्त्यावर वेग धरल्यावर दोन्ही गाड्या सारख्याच."

मास्तर हसले. "पोरी, तुला क्लच सोडायला मीच शिकवलं ना?"

हवालदार साहेब म्हणतात मुद्द्यावर या, तर मुद्दा हाच आहे. माझं शिवणयंत्र पायाचं होतं. पाय मारा, मग चाक सावकाश वेग धरणार. नातीने त्याला मोटर लावून दिली. पहिल्याच दिवशी सवयीने पाय दाबला आणि शर्टाच्या खिशाचं तोंडच शिवून टाकलं. मशीनचा दोष नव्हता, पाय जुना होता.

मास्तर चालवायला बसले, नात शेजारी, आम्ही दोघी मागे. मास्तरांनी क्लच दाबून गिअरचा दांडा पहिल्यात टाकला. मी डोळ्यांनी पाहिलं. नात "मास्तर, तिसरा" म्हणेपर्यंत त्यांनी पाय दाबला. इंजिनाचा आवाज येईना म्हणून आणखी दाबला आणि क्लच सोडली. गाडी गेटच्या खांबावर गेली. एक दिवा फुटला. मास्तरांचा चष्मा माझ्या मांडीवर येऊन पडला. कोणाला लागलं नाही.

मास्तरांनी इथे चौकीत येऊन लिहून दिलं की गाडी आपोआप उडाली, गॅरेज बंद करावं. तसं झालं तर नातीची सहा वर्षांची मेहनत जाते. तिने दांड्याला कोणाला हात लावू दिला नाही, एवढंच.

दुपारी तीनला हवालदार साहेब आले, बरोबर मास्तर आणि बाईही. दांडा पहिल्यात होता, त्यांनीच लिहून घेतलं. नात म्हणाली, "साहेब, आता तुम्ही चालवा." तिसऱ्यात टाकून साहेबांनी आम्हा चौघांना घेऊन गॅरेजसमोरचा चढ चढवला. मांडीवरची सुईसुद्धा हलली नाही. मग रिकाम्या मैदानात पहिल्यात टाकून जरा पाय दाबला, तर चाकं किंचाळली आणि साहेबांची टोपी मागच्या सीटवर आली. साहेब हसले होते, हे लिहायचं नसेल तर राहू द्या.

बाई म्हणाल्या, "अहो, पस्तीस वर्षं लोकांना सांगता, आधी ऐका, मग पाय टाका."

मास्तर चष्मा पुसत राहिले. मग नातीला म्हणाले, "इंजिनाचा आवाज ऐकून पाय दाबायची सवय आहे गं." ती म्हणाली, "मलाही होती, मास्तर. तुम्हीच लावली होती." तक्रार मागे घ्यायचा कागद त्यांनी आज सकाळी दिला, असं साहेबांनी सांगितलं.

हे सगळं मला मोठ्याने वाचून दाखवलं, मी बोलले तसंच आहे. एकच दुरुस्ती: नातीचा धंदा "घरकाम" लिहिला होता, तो खोडून "मेकॅनिक" करून घेतला. अंगठा नको, मला सही येते.

मास्तर आणि बाई शनिवारी सकाळी दहाला परत येणार आहेत. शेजारच्या सीटवर नात बसणार, मास्तर शिकायला बसणार.