हौसाक्कानं घेतलेला धसका

ऐका, धसका म्हणजे काय, सांगेल का कुणी? भीती? नाही गं. भीती वाटते, उजाडलं की जाते. धडकी भरते, घोटभर पाणी प्यायलं की उतरते. धसका वेगळा. तो माणूस घेतो, आणि मग सोडू म्हटलं तरी सुटत नाही. आमच्या हौसाक्कानं घेतला, तसा.

हौसाक्का सुईण. शंभरावर बाळंतपणं केलेली. एकदा दिवेलागण होऊन गेल्यावर मळ्यातला दगडू धावत आला. त्याची बायको कला अडली होती.

"तू पळ पुढं, पाणी तापव," हौसाक्का म्हणाली.

"काकी, ओढ्याच्या वाटेनं नका येऊ हं."

"लेका, रस्त्यानं वळसा घालीपर्यंत मूल थांबतंय होय?"

निघाली ना बाई ओढ्यानं! हातात कंदील, काखेत बोचकं. ओढ्यात पाय ठेवला, आणि कंदील विझला. वारा? अहो, पानसुद्धा हलत नव्हतं!

मागून दगडूची हाक आली. "काकी, माघारी फिरा. मोकळी झाली ती."

हौसाक्काला हायसं वाटलं. "पोरगा का पोरगी रे?"

"काकी, माघारी फिरा. मोकळी झाली ती."

पुन्हा तेच. त्याच सुरात. आणि दगडू तर पुढं गेलेला!

झपझप निघाली हौसाक्का. तेवढ्यात काठावर, करंजाखाली, तान्हं बाळ रडलं. दुसरं कुणी असतं तर पळालं असतं. पण सुईण ती! हात आपसूक पुढं झाले. उचललं, छातीशी धरलं. रडतंय, रडतंय, रडतच राहिलंय. मग तिच्या ध्यानात आलं. बायांनो, बाळ रडताना मधे श्वास घेतं. हे घेतच नव्हतं! अंग ओढ्यातल्या दगडासारखं गार.

टाकलं तिनं, आणि पळत सुटली. रडणं मागं. ठेच लागली, पडली, उठली. रडणं अगदी कानाशी! दगडूच्या उंबऱ्याच्या आत पाय पडला, तेव्हा कुठं ते थांबलं.

कला अजून अडलेलीच होती. हौसाक्का माघारी फिरली असती, तर दोन जीव गेले असते. तिनं पहाटे कलाला सोडवलं. पोरगी झाली. दोघी वाचल्या. पण तुम्ही अंधार पडल्यावर त्या वाटेला जाऊ नका. कुणाचं मूल रडलं तरी जाऊ नका.

सकाळी ऊन पाणी काढून बाळाला न्हाणीत आणलं. बाळ रडलं, तशी हौसाक्का दोन्ही कान दाबून परसात जाऊन बसली. बाळाला न्हाऊ दगडूच्या आईनं घातलं.