सहा झाले तर गाडी

—नको ताई, पैसे आत ठेवा, आधी बसा. ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, या बाजूची घ्या. काउंटरवरची मुलगी जेवायला गेलीय, तोवर मी आपला राखण करतोय. येईल ती, तिचं जेवण निवांत असतं — मालकांची भाची, तिला कोण बोलणार? उद्याची ट्रिप ना? जंगल, समुद्र, एक रात्र मुक्काम — भिंतीवरचा तो फोटो बघूनच विचारताय. सगळे तोच बघून विचारतात. त्यातलं ते वाकलेलं झाड कधीच पडलं, फोटो काही कुणी उतरवला नाही. दुरून डोंगर साजरे, दुसरं काय! जागा? जागा आहे. म्हणजे असं बघा — पाच जण झालेत. आमच्याकडे सहा झाले तर गाडी, पाचांत डिझेलसुद्धा निघत नाही म्हणतात मालक. संध्याकाळपर्यंत सहावं माणूस आलं नाही तर त्या पाचांना फोन करायचा, पुढच्या ट्रिपला बसवायचं. कुणी रागावत नाही — रागावतात, पण येतात. तुम्हीही पुढच्या ट्रिपला का नाही येत? परत जायचंय? हं. म्हणजे उद्याच. म्हणजे तुम्हीच सहाव्या.

मग मी खरं सांगू का? मालक नाहीत म्हणून सांगतो. पैसे फुकट जातील. पाच तास गाडी, त्यात शेवटचा तास नुसते खड्डे, आणि मागच्या सीटची स्प्रिंग अशी टोचते की माणूस जन्मभर आठवण काढतो. मग नदी. नदीवर पूल नाही, तराफा आहे, तो पलीकडून येईपर्यंत उन्हात उभं राहायचं. जंगलात शिरलात की जळवा — मोज्याच्या आत जातात, कळतसुद्धा नाही. समुद्र एवढा समोर, पण पाण्यात पाय घालायचा नाही, सध्या जेलीफिशचे दिवस आहेत, चटका बसला तर आई आठवते. आणि झोपायचं कुठं? एकावर एक पलंग, गाद्यांना कायम ओल, वरचा घोरतो, खालचा कूस बदलत राहतो. तिथं काही वाळत नाही हो. टॉवेल नेताना जेवढा ओला, आणताना त्याहून ओला. आणि वर तो गाइड! तोच ड्रायव्हर, तोच गाइड, रात्री रांधतोही तोच. मगर दिसली की म्हणणार — हात बाहेर काढू नका, तिचं जेवण व्हायचंय. दर ट्रिपला तेच. मगर नसली तरी म्हणतो, सवय लागलीय. तो गाइड कोण म्हणता? मीच की! हसा, हसा. माझी बायकोही हसते — मगरीला नाही, मला.

जळवांचं एवढं मनावर घेऊ नका, मी जरा वाढवून सांगितलं. मीठ लावलं की सुटते बिचारी. तिलाही पोट आहे. आणि उन्हाचं म्हणाल तर तराफ्यापर्यंतच, पलीकडे उतरलात की ऊन संपलंच — एकदम गार, डोक्यावर पानंच पानं, आकाश म्हणून काही राहत नाही. बोलणारी माणसं तिथं आपोआप गप्प होतात. मी गप्प करत नाही, होतात. आणि मग चालता चालता झाडं संपत नाहीत आणि समोर एकदम पाणी — मध्ये रस्ता नाही, घरं नाहीत, काही नाही, शेवटच्या झाडाची मुळं थेट खाऱ्या पाण्यात. भरतीच्या वेळी फांद्यांवर लाटा येतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मूर्खासारखा उभाच राहिलो, गाडीची किल्ली हातात तशीच. आणि पहाटे — पहाटेचं मी कुणाला दाखवत नाही, सगळे झोपलेले असतात — ओहोटी लागलेली असते तेव्हा वाळूत उतरायचं. खेकडे असतात, नखाएवढे. वाळू चाळून चाळून खातात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे ठेवतात. एक, मग दुसरी, मग तिसरी — बिळापासून चारी बाजूंना गोळ्यांच्या रांगा, अख्खा किनारा मण्यांनी भरल्यासारखा. पाय कुठं ठेवावा कळत नाही. चुकून एक चिरडली तरी वाईट वाटतं. आणि काही तासांत भरती येते, सगळं पुसून टाकते, आणि हे उद्या पुन्हा बसतात गोळ्या करत. कुणी सांगितलंय त्यांना? पण करतात.

झालं. काढलेत परत पैसे! बघा, याला म्हणतात आपल्या हातानं आपल्याच पायावर धोंडा. मी तुम्हाला वाटेला लावायला बसलो होतो हो, आणि बसलो खेकड्यांचं कौतुक करत. असंच होतं. बोलायला लागलो की हे तोंड माझं राहत नाही, कंपनीचं होतं. का म्हणजे? — काही नाही. तसं काही नाही, जाऊ द्या. ... बायकोचं उद्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. मोतीबिंदू. फार मोठं नाही, अर्ध्या तासाचं काम म्हणतात डॉक्टर, परवा सकाळी पट्टी काढणार, की झालं. पण हा दुसरा डोळा. पहिल्याच्या वेळी मी तिकडे होतो, तराफ्याच्या रांगेत. शेजारीण घेऊन गेली, शेजारीणच घेऊन आली. आणि तो डोळा म्हणावा तसा सुधारला नाही, अजून धूसरच दिसतं. आता सगळी भिस्त या दुसऱ्यावर. ती काही बोलत नाही, हं. उलट थट्टा करते — म्हणाली, मागच्या वेळी पट्टी काढल्यावर समोर शेजारीण होती म्हणून डोळा रुसला, या वेळी तुम्ही उभे राहा, बघू काय होतं ते.

पडदे शिवते ती घरी. मशीनचं जमतं अंदाजानं, पण हाताची टीप घालायची तर सुई ओवता येत नाही. मग मी निघायच्या आधी ओवून ठेवतो — पांढरी, निळी, पिवळी, उशीला टोचून ठेवतो, परत येईपर्यंत पुरतात. कधी कधी नाही पुरत. मग बसून राहते. आणि मी आलो की विचारते, काय काय बघितलंत? मी म्हणतो, काय असणार, तेच. दोन दिवस अखंड बडबड केलेली असते, घरी पोचेस्तोवर शब्दच उरत नाही. तुम्हाला, ओळख ना देख, इथं खेकडे सांगितले. तिला कधी सांगितले नाहीत. ... भीती वाटते हो ताई. हाही नाही सुधारला तर? रजा मागायची तर दुसरा ड्रायव्हर पाठ धरून घरी पडलाय, सीझन तोंडावर, मालक म्हणणार — बायकोचा डोळा काय तू कापणार आहेस? म्हणून मागितलीच नाही. घरी सांगितलं, पाचच आहेत, नाही व्हायचे सहा, काळजी करू नकोस. एवढ्यावर बसलोय सकाळपासून. दारात कुणी उभं राहिलं की आधी पाठीवर बॅग आहे का ते बघतो. मग तुम्ही आलात.

अहो नाही, तसं नको, मी तुम्हाला धर्मसंकटात टाकायला नाही सांगितलं. तुमची हौस आहे, पैसे आहेत, हक्कच आहे — ठेवलेत? आत? खरंच? मग ऐका, घाई करा. समोरच्या स्टँडवरून साधी बस आहे, दुपारची, नदीपर्यंत जाते. स्प्रिंगवाली सीट तिच्यातही आहे, पण स्वस्तात टोचते. तराफ्यावर एक म्हातारा भेटेल, कायम चिडलेला, त्याला म्हणा व्हॅनवाल्यानं पाठवलं. त्याची सून खोली देते — कोरडी! तिथं एवढी एकच कोरडी खोली आहे. आणि पहाटे एकट्याच उतरा वाळूत. टॉर्च नका लावू, खेकडे बिळात पळतात. उठा आता, ही भाची यायच्या आत —

आली बघा. आणि हे दोघं कोण तुझ्या मागे, पाठीवर बॅगा घेतलेले? ट्रिपला? उद्याच्या? दोघंही? ... थांबा, आत नका येऊ. ताई, तुम्ही निघा, तुमची बस चुकेल. आणि तू माझ्याकडे अशी बघू नकोस गं, काय सांगायचं ते सांग तुझ्या मामाला, आत्ताच सांग, फोन तिथंच आहे. नाही हो, उद्या गाडी नाही. पाच असोत, सात असोत — नाही. ड्रायव्हर रजेवर आहे.