कोपीचं दार

परवा काय झालं, ऐका. धारूरला पोरीच्या उन्हाळी शिबिराचा शेवटचा दिवस होता. पालकांना सांगितलं, 'बांबू अन् उसाच्या पाचटाची झोपडी करा.' बाकीचे पप्पा मोबाईलमधी बघत बसले. माझे हात आपोआप चालले अन् कोपी उभी!

सर म्हणाले, "कुठं शिकलात?"

म्हणलं, "ऊसतोडीला. लहानपणी दरसाल सहा महिने अशाच कोपीत ऱ्हायचो."

तेवढ्यात नातीसंगं आलेली माझी आई वाकून कोपीत शिरली अन् आतूनच वरडली, "आरं, दार वाऱ्याकडं कावून केलंस? रातच्याला लेकरू गारठंल की!"

बाहेर मे महिन्याचं ऊन पेटलं होतं. पण ते लेकरू म्हंजे मीच ना! गुमान दार फिरवलं.