हरकत आली नाही म्हणजे

ताई: मोटर बंद कर आधी. हे ओरडून सांगण्यासारखं नाही.

भाऊ: बंदच आहे गं. हा आवाज पलीकडच्या लिफ्टचा. स्ट्रेचर सगळी आज त्याच लिफ्टने चाललीयत, ती थांबवता येत नाही. एवढे जिने चढून तू गच्चीवर आलीस? घरी सगळे बरे आहेत ना?

ताई: घरी बरे आहेत. वस्तादांची बायको आली होती लॅबमध्ये, रक्त द्यायला. सुई टोचायच्या आधी नाव विचारलं तर तिने नवऱ्याचंच सांगितलं, म्हणून विचारलं काय झालं. वस्तादांना कोर्टाचं बोलावणं आलंय. उद्या सकाळी उभं राहायचंय.

भाऊ: कुणाला?

ताई: तुझ्या वस्तादांना. ज्यांनी तुला पाना धरायला शिकवलं, त्यांना. प्राप्तिकर भरला नाही, विवरणपत्र दिलं नाही, नोटिसा घेतल्या नाहीत. फौजदारी खटला आहे.

भाऊ: त्यांना बोलावलं? त्यांना का?

ताई: मलाही तेच कळेना. तिकीट काढल्याशिवाय बसमध्ये पाय न ठेवणारा माणूस. तर ती म्हणाली, "तुमच्या भावानेच सांगितलं ना, भरायचा नसतो म्हणून." हातातली नळी खाली ठेवली मी. पडली असती.

भाऊ: मी सांगितलं म्हणजे… ते बैठकीला आले होते. आपल्या पायांनी.

ताई: कसली बैठक?

भाऊ: रविवारची. आमचा एक गट आहे. कायद्याचा अभ्यास करतो आम्ही.

ताई: तू आणि कायदा. विजेचं बिल वहिनी वाचून दाखवते तेव्हा तुला कळतं.

भाऊ: कर चेष्टा. सगळे आधी चेष्टाच करतात. ताई, कराच्या फॉर्मवर खात्यानेच छापलंय, करदात्याने आपला कर आपण ठरवायचा. आपण ठरवायचा ना? मी शून्य ठरवला.

ताई: दाढी घरी आपली आपण करतोस, म्हणून ती वाढायची थांबते का? हिशोब तू करायचा, एवढाच त्याचा अर्थ. देणं लागतं की नाही ते तू ठरवत नाहीस.

भाऊ: बरं, ते सोड. उत्पन्न म्हणजे काय? नफा. मी दिवसभर घाम गाळतो, त्याच्या बदल्यात मजुरी घेतो. घाम दिला, मजुरी घेतली. फिटंफाट. यात नफा कुठे झाला? अदलाबदल झाली.

ताई: हे तू कायद्यात वाचलंस?

भाऊ: बैठक घेणाऱ्या सरांनी समजावलं.

ताई: कायद्यात पगार आणि मजुरी यांना उत्पन्नच म्हटलंय. सरळ, शब्द लिहून. ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला मी खालून. त्या म्हणाल्या, हा मुद्दा कोर्टात इतक्यांदा पडलाय की न्यायाधीश तो ऐकताना मान वर करत नाहीत.

भाऊ: वकील तेच म्हणणार. त्यांची दुकानं बंद होतील.

ताई: बघ, विरोधात बोलेल तो तुझ्या लेखी खोटाच. एखाद्याला शिक्षा झाली, तर सर काय म्हणतात?

भाऊ: त्याने कोर्टात आमचं निवेदन नीट वाचलं नाही म्हणतात. शब्द चुकला.

ताई: आणि कुणाला शिक्षा झाली नाही, तर?

भाऊ: तर मुद्दा खरा.

ताई: म्हणजे काहीही झालं तरी सर बरोबर. ज्या तपासणीचं उत्तर दरवेळी एकच येतं, ती आमच्या लॅबमध्ये आम्ही फेकून देतो. रुग्ण असो वा नसो, कागदावर तोच आकडा. ती तपासणी नाही, शिक्का आहे.

भाऊ: पण मी सही कुठे केली आहे, सांग ना. मी जन्मलो, कुणी माझ्यापुढे करार ठेवला? संमती नाही घेतली माझी.

ताई: खाली लिफ्टमध्ये पाटी आहे, आठ माणसं. नववा शिरला आणि म्हणाला, या पाटीवर माझी सही नाही. तर?

भाऊ: दार लागणार नाही.

ताई: त्याला पटलं नाही तरी?

भाऊ: ती यंत्राची गोष्ट झाली.

ताई: हो, कायदा माणसांनी केलेला आहे, तो बदलताही येतो. कर जास्त आहे म्हण, वाईट जागी जातो म्हण, मी तुझ्याबरोबर बसून दोन तास शिव्या देईन. तो बदलावा म्हणून मोर्चा काढ, मी येते. पण तो असावा की नसावा हा एक प्रश्न, आणि आज तो आपल्यावर आहे की नाही हा दुसरा. तू पहिल्याचं उत्तर दुसऱ्याखाली लिहितोयस.

भाऊ: बरं. मग हे सांग. मी प्राप्तिकर खात्याला रीतसर घोषणापत्र पाठवलं. पोचपावती घेऊन. त्यात स्पष्ट लिहिलं, मी हा कर लागू मानत नाही, तीस दिवसांत हरकत घेतली नाहीत तर तुम्हाला हे मान्य आहे असं समजण्यात येईल. हरकत आली नाही. संपला विषय.

ताई: हे तुला कुठून सुचलं?

भाऊ: सुचायचं काय त्यात? आपलं रोजचंच काम. लिफ्ट तपासली की इमारतीला अहवाल देतो, खाली तीच ओळ असते. मुदतीत हरकत नाही आली की अहवाल मान्य. इतकी वर्षं कुणी भांडलं नाही. बैठकीत मी हे मांडलं तेव्हा सर उठून उभे राहिले. म्हणाले, हे आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ताई: म्हणजे ही ओळ तुझी?

भाऊ: माझी. आता सगळे वापरतात.

ताई: अरे, इमारतीशी तुझा करार असतो. त्या करारात लिहिलेलं असतं, गप्प बसलो तर मान्य. म्हणून त्यांच्या गप्प बसण्याला अर्थ आहे. रस्त्यावरच्या माणसाच्या खिशात चिठ्ठी टाकलीस, "नाही म्हणाला नाहीस तर घर माझं," तर घर तुझं होतं का?

भाऊ: हरकत आली नाही हे तर खरं ना?

ताई: नोटिसा आल्या होत्या. त्यांची बायको सांगत होती. पोस्टमन दारात उभा, आणि वस्ताद म्हणायचे, घेत नाही, परत न्या.

भाऊ: घेतल्या की मान्य केल्यासारखं होतं. तसं शिकवलंय.

ताई: धोक्याची घंटा वाजू नये म्हणून तिची वायर तूच कापलीस आणि म्हणतोस, बघा, घंटा वाजत नाही, सगळं ठीक आहे.

भाऊ: तो पाना दे जरा इकडे.

ताई: त्यांनी तरी कसा विश्वास ठेवला? एवढा सावध माणूस.

भाऊ: तुला नाही कळायचं ते. ते खाली शाफ्टमध्ये उतरतात, मी वर स्विचपाशी. मी म्हणालो बंद आहे, की ते हात घालतात. खरंच बंद आहे का, हे आजवर एकदाही विचारलं नाही त्यांनी. या धंद्यात विचारत नाहीत. विचारलं तर शिवी दिल्यासारखं होतं.

ताई: मग याही वेळी तसाच हात घातला त्यांनी.

भाऊ: होईल सुटका. निवेदन नीट वाचलं तर होईल.

ताई: रात्रंदिवस तेच पाठ करतायत म्हणे. भाजी चिरताना, आंघोळ करताना. मला एक सांग. तुला कसं नाही बोलावलं कोर्टात?

भाऊ: काय?

ताई: घोषणापत्र तुझं, ओळ तुझी, धंदा तुझ्या नावावर. ते तुझ्याकडे नोकरीला. आधी तू सापडायला हवास. आणि दुसरं. गेल्या महिन्यात आमच्या लॅबचं यंत्र बिघडलं. कारागीर आला, तर कर भरल्याचा दाखला नाही म्हणून इथल्या खरेदी विभागाने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. दाखल्याशिवाय या रुग्णालयात कुणाला स्क्रू पिळायला देत नाहीत. मग तू इथे कसा?

(भाऊ हातातला पाना पेटीत ठेवतो.)

भाऊ: भरला मी.

ताई: काय भरलं?

भाऊ: कर. मागचा सगळा, दंडासकट. या रुग्णालयाचं काम निघालं तेव्हा. एवढं मोठं काम पुन्हा मिळालं नसतं, ताई.

ताई: ते काम निघून वर्ष झालं.

भाऊ: हो.

ताई: आणि रविवारच्या बैठका?

भाऊ: जातो.

ताई: जाऊन काय करतोस?

भाऊ: बोलतो. दुसरा तास माझा असतो.

ताई: काय बोलतोस तिथे?

भाऊ: आत्ता तुझ्याशी बोललो, तेच.

ताई: मी… मी मघापासून तुझ्याशी वाद घालतेय. तुला पटलेलं आहे असं धरून. तू भोळा आहेस, कुणीतरी तुला फसवलंय, असं समजून जिने चढून आले मी.

भाऊ: आधी पटलं होतं. खरंच पटलं होतं. नंतर खरेदी विभागातल्या त्या बाईंनी दाखला मागितला आणि मी एका शब्दाने भांडलो नाही. तेव्हाच कळलं मला, की मला पटलेलं नाही.

ताई: मग बोलायचं थांबायचं.

भाऊ: कसं थांबू? आयुष्यभर लोकांनी मला काय म्हटलं? लिफ्टवाला आला. दार उघडलं की बोट दाखवून, तिकडे आहे मशीन. तिथे मी आत शिरलो की माणसं खुर्चीतून उठतात. डॉक्टर आहे एक, तोसुद्धा. सर म्हणतात मला.

ताई: वस्तादांना का नाही सांगितलंस?

भाऊ: दोनदा गेलो होतो सांगायला. एकदा ते शेजाऱ्याला सांगत होते, या पोरामुळे मला म्हातारपणी अक्कल आली. तो ऐकत होता, मी दारात उभा. तसाच परत फिरलो.

ताई: आणि दुसऱ्यांदा?

भाऊ: दुसऱ्यांदा त्यांनी चहा टाकला.

ताई: चहा टाकला म्हणून?

भाऊ: पावलं वाजतायत. ताई, ते वर येतायत. आत्ता काही बोलू नकोस.

वस्ताद: काय रे, अजून लिफ्टचा ब्रेक खोललेलाच? मी असतो तर आतापर्यंत… अरे, ताई इथे? बरं झालं. तुमचे उच्चार चांगले. जरा ऐकून घ्या माझं, उद्या म्हणायचंय.

ताई: वस्ताद, बसा आधी. दम लागलाय तुम्हाला.

वस्ताद: उभ्यानेच म्हणायचंय तिथे. ऐका. "मी एक जिवंत मनुष्य असून, माझ्या श्रमाचा मोबदला हा नफा नसून अदलाबदल आहे. माझ्या घोषणेस मुदतीत हरकत न आल्याने ती आपणांस मान्य झालेली आहे. सबब या न्यायालयास माझ्यावर…" पोरा, "सबब"च्या आधी थांबायचं की नंतर? काल बैठकीतल्या त्या डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला तुझ्याकडून पक्कं करून घ्या.

भाऊ: वस्ताद, मला सांगितलं नाहीत, बोलावणं आलं ते.

वस्ताद: तुझ्या डोक्याला कशाला त्रास? बाकीच्या नोटिसा परत पाठवल्या, हे मात्र पोलीस घेऊन आला, त्याला परत पाठवता येईना. म्हटलं, झालं ते बरंच. उद्या जिंकून येतो आणि रविवारी एकदम सांगतो सगळ्यांना. तू सांग ना, आधी की नंतर?

भाऊ: ते म्हणू नका.

वस्ताद: "सबब" गाळू?

भाऊ: सगळंच. यातलं काहीच म्हणू नका उद्या.

वस्ताद: मग काय म्हणू?

ताई: वस्ताद, एक वकीलबाई आहेत, आज संध्याकाळी आपण दोघं त्यांच्याकडे जातोय. चुकलं, दुसऱ्याच्या सांगण्यावरून केलं, विवरणपत्र देतो, हप्त्याने भरतो, असं म्हणायचं. त्या म्हणाल्या, सुटालच असं मी सांगत नाही. पण हे पाठ केलेलं म्हटलंत, तर समजून उमजून केलं असा अर्थ होईल आणि मग त्यांच्याही हातात काही राहणार नाही.

वस्ताद: पण कायदा तर आपल्या बाजूने आहे. हो ना रे?

भाऊ: नाही.

वस्ताद: वर बघून बोल.

भाऊ: नाही, वस्ताद. नाही आपल्या बाजूने. मी भरला कर. माझा.

वस्ताद: केव्हा?

भाऊ: वर्ष झालं.

वस्ताद: वर्ष. म्हणजे पोस्टमन दारात यायचा, तेव्हा तू भरलेला होतास?

भाऊ: हो.

वस्ताद: मी तुला फोन केला होता, घेऊ की नको. तू म्हणालास, छाती काढून सांगा, घेत नाही.

भाऊ: हो. म्हणालो.

वस्ताद: हसला पण होतास. मी पण हसलो.

ताई: पाणी घ्या, वस्ताद.

वस्ताद: नको, ताई. घरी हिला काय सांगू? ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती, सगळं जग भरतं आणि आपणच कसे शहाणे. मी तिला गप्प केलं. म्हटलं, तुला त्या पोराची हुशारी माहीत नाही.

ताई: त्यांना मी सांगते. लॅबमध्येच बसवून ठेवलंय.

वस्ताद: ते न्यायाधीश साहेब विचारतील ना उद्या, दुसऱ्याच्या सांगण्यावरून म्हणजे कुणाच्या?

ताई: विचारतील. नाव सांगितलंत तर फरक पडेल, असं वकीलबाई म्हणाल्या.

भाऊ: माझं सांगा. अर्धवट नको, सगळं सांगा. मी येतो ना उद्या तुमच्याबरोबर. तिथेच समोर बसलेला असेन. माझ्याकडे बोट करा.

वस्ताद: नको. तू येऊ नकोस.

भाऊ: रागावा, वस्ताद. मारा मला वाटलं तर. पण येऊ द्या.

वस्ताद: रागाचं मागाहून बघू. तू समोर बसलास, तर माझ्या तोंडून तुझं नाव निघायचं नाही.