दुर्बीण कपाटात जाणार नाही

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे संचालक, मंचावरील मान्यवर, माझे सहकारी डॉक्टर, परिचारिका भगिनींनो, घरून आलेली माझी माणसं, आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागे भिंतीला टेकून उभे असलेले तुम्ही सगळे, सर्वांना माझा नमस्कार.

संचालकसाहेबांनी आत्ता मला ‘शांत स्वभावाच्या भूलतज्ज्ञ’ म्हटलं. तेव्हा दुसऱ्या रांगेत माझे यजमान खोकले, ते ऐकलंत ना? साहेब, मी शांत नाही. माझ्यासमोरचा रुग्ण शांत असतो, म्हणून तसा भास होतो.

आज चार गोड शब्द बोलून बसावं, असं मला सुचवण्यात आलंय. त्याआधी एका पोरीची हकिकत ऐका.

एका दुपारी एक बाई अकरा महिन्यांची लेक कडेवर घेऊन आली. म्हणाली, “डॉक्टर, ही रडली की हिच्या छातीत शिट्टी वाजते.” सोबतच्या सासूबाई म्हणाल्या, “सर्दी आहे हो. हिला उगीच घाबरायची सवय.” छातीचा फोटो काढला, तर स्वच्छ! प्लास्टिक फोटोत दिसत नाही, हे त्या माउलीला कुठून ठाऊक असणार? पण ती जागची हलेना. “रबरी बदकाच्या पोटातली शिट्टी सापडत नाहीये,” एवढंच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मी छातीला स्टेथोस्कोप लावला. उजव्या बाजूला हवा जेमतेम जात होती.

“पुढच्या शहरात पाठवूया,” तेव्हाही कुणीतरी म्हणालंच. मी विचारलं, “गाडीला धक्का बसला, पोर खोकली आणि शिट्टी वर येऊन अडकली, तर काढणार कोण? ड्रायव्हर?”

आईच्या मांडीवरच तिच्या नाकातोंडावर मास्क धरला. एरवी भूल दिल्यावर आपण श्वास यंत्राकडे सोपवतो. इथे बाहेरून जोराने हवा रेटली असती, तर शिट्टी आणखी खोल गेली असती. म्हणून झोप इतकी गाढ हवी, की घशातून दुर्बीण गेली तरी पोर खोकू नये. आणि तरीही तिचा श्वास तिचा तिनेच घ्यावा. श्वासनलिका पेन्सिलीहून बारीक. त्याच वाटेने सर्जनसाहेबांचा चिमटा जाणार, त्याच वाटेने माझी हवा.

मंचावर बसलेत तेच हे सर्जनसाहेब. त्यांनी शिट्टी पकडली, वर आणली, आणि अगदी स्वरयंत्राच्या दाराशी ती आडवी झाली. हवा बंद. मॉनिटरचा सूर खाली उतरायला लागला, ओठ निळे पडले.

“खाली ढकला,” मी म्हणाले.

“अहो, हाताशी आलीय!”

“तुमच्या हाताशी आलीय, पण तिचा श्वास थांबलाय. परत उजवीकडे ढकला, डावं फुप्फुस तरी चालेल.”

“बाई, एकदाच ओढू द्या...”

“ढकला म्हणते ना!”

त्यांनी ढकलली. जी काढायला एवढा खटाटोप, तीच आपल्या हाताने पुन्हा आत लोटायची! सोपं असतं का हो ते? पण डावं फुप्फुस फुललं, ओठांवर रंग आला. आम्ही जरा दम खाल्ला. मग त्यांनी चिमटा बदलला, शिट्टी उभी धरली आणि अलगद बाहेर आणली. हातमोजे काढताना म्हणाले, “जन्मात माझ्यावर इतकं कुणी ओरडलं नव्हतं.” मी म्हटलं, “सवय करून घ्या.” बिचाऱ्यांनी करून घेतली. ती पोरगी आता बोलून बोलून आईचं डोकं खाते.

हे सांगायचं कारण असं. अशी बाळं इथे घ्यायचीच नाहीत, दारातूनच पुढे पाठवायची आणि ती लहान दुर्बीण कपाटात ठेवायची, असा निर्णय गेल्या आठवड्यात झालाय. एखादी केस बिघडली तर रुग्णालयाचं नाव जाईल म्हणे. धोका आहे, मी कुठे नाही म्हणते? पण आपली दुर्बीण दुरुस्तीला गेली होती, तेव्हा एका मुलाला आपण असंच पुढे पाठवलं. तो वाटेतच गेला. त्याचे वडील रिकामी दुपटी घेऊन इथे परत आले होते. त्यांच्यासमोर कोण उभं राहिलं? मी राहिले. नाव सांभाळणारे तेव्हा कुठे होते?

तिसऱ्या रांगेत माझ्या दोन विद्यार्थिनी बसल्यात. हे काम त्यांना येतं, आणि बाळ दाराशी आलं तर त्या परत पाठवणार नाहीत. त्यांच्यावर कारवाई करायची झाली, तर साहेब, आधी माझ्याशी गाठ आहे. मी नोकरीतून निवृत्त होतेय. माझा फोन चालूच राहील.

संचालकसाहेब घड्याळ बघताहेत, तेव्हा आवरते. आपण माझ्यासाठी एवढा वेळ काढलात, जमलात, मनापासून आभार. शेवटी भूलचूक माफ करा, असं म्हणायचा रिवाज आहे. चूक झाली असेल तर जरूर माफ करा. भूल मात्र मी आयुष्यभर शुद्धीवर राहून दिली, आणि आज बोलले तेही पूर्ण शुद्धीवर. नमस्कार.